सात घरं, सहा वेळा

किसन, परवा तुझ्या घरी येऊन गेलो. तू नव्हतास. अकोल्याला येऊन तुझ्याशी भांडण न करता परत फिरण्याची माझी ही पहिलीच वेळ. वहिनींनी चहा दिला, तो मी प्यालो. तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसलो आणि जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. खरं म्हणजे ते तुला सांगायचं होतं. सहा वर्षं सांगायचं होतं. तू जाऊन अठरा दिवस झाल्यावर मला तोंड फुटलं. आता ओळखून घे तुझा हा मित्र कोणत्या लायकीचा आहे ते.

इकडे अमरावतीला कचेरीत तुझ्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. नवे साहेब म्हणाले, ‘किसनराव मनमिळाऊ आणि शांत स्वभावाचे होते.’ मनमिळाऊ! साहेबाच्या टेबलावर मूठ आपटून दौत सांडवणारा तू. मला हसू आलं. मी खाली बघत राहिलो. लोकांना वाटलं, मनोहरपंतांना फार दुःख झालं.

जे झालं ते तुला सगळं ठाऊक आहे, एक गोष्ट सोडून. तरी मला ते क्रमाने लिहायचं आहे. नाहीतर मधलं एखादं पान मी गाळून टाकीन. माझी सवय आहे ती.

वऱ्हाडातल्या घराघरांचे फॉर्म आपल्या कचेरीत यायचे. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर फक्त हो किंवा नाही. घरात सायकल आहे का? विहीर आहे का? मूल शाळेत जातं का? एका घराचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. उत्तर ‘हो’ असेल तिथे पंचाने भोक पाडायचं, ‘नाही’ असेल तिथे पुठ्ठा तसाच ठेवायचा. भोकं पाडणारा तू, तपासणारा मी, हेडक्लार्क. कार्डांच्या पेट्या रेल्वेने मुंबईला जायच्या. तिथलं यंत्र भोकं मोजायचं आणि महिन्याभराने टाईप केलेल्या बेरजा परत यायच्या. आपलं काम तेवढंच.

तुला ते तेवढंच वाटलं नाही. एकदा एक पेटी सांडली, हजारभर कार्डं फरशीवर पसरली. नंबर पाहून ती पुन्हा लावताना तू एक गठ्ठा खिडकीच्या उजेडात धरलास आणि धरूनच ठेवलास. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पिशवीत ग्राफपेपर घेऊन आलास. जेवणाच्या सुट्टीत टाक घेऊन चौकोन भरायला लागलास. एक कार्ड म्हणजे एक ओळ. भोक असेल तिथे काळा चौकोन, नसेल तिथे कोरा.

‘काय रांगोळी काढून राहिला बे?’ मी विचारलं.

‘रांगोळी नाई. गावाचा फोटू काढून राहिलो.’

मी हसलो. सगळी कचेरी हसली. पण दोन-तीन महिन्यांत तुझ्या टेबलाच्या खणात वीस-पंचवीस गावं जमली. घरोघरी फॉर्म भरत फिरणारा तपासनीस ज्या वाटेने घरं घेत गेला त्याच क्रमाने ओळी खाली उतरायच्या, त्यामुळे कागदावरून नजर फिरवली की गावातून चालत गेल्यासारखं व्हायचं. एकदा तू एक कागद माझ्या पुढ्यात ठेवलास.

‘सांग, कोन्तं गाव हाये?’

‘मले काय मालूम?’

‘तुह्यंच हाये.’

चांदूर रेल्वेपासून तीन कोसांवरचं माझं गाव. वर दाट काळं, मग जरा विरळ, मग पुन्हा काळं. आणि खाली साधारण पंचावन्नाव्या ओळीपासून कागद एकदम पांढरा, धुऊन काढल्यासारखा. त्या पांढऱ्यात एकच उभी काळी रेघ, शेवटापर्यंत गेलेली. तो प्रश्न होता, घरातली बाई मजुरीला जाते का.

‘इथून आमी लोकं,’ तू बोट ठेवून म्हणालास.

कार्डावर जात विचारलेली नव्हती. नाव नव्हतं. तरी ती सीमा माझ्या वावराच्या धुऱ्यासारखी, बांधासारखी, स्वच्छ दिसत होती. मी त्या गावात जन्मलो, वाढलो, आणि मला ती कधी इतकी उघडी दिसली नव्हती.

‘आन हे तुह्यं घर,’ तू चौथ्या ओळीवर टाक टेकवलास. ‘एवढी काळी ओळ साऱ्या गावात दुसरी नाई.’

‘तुले कसं मालूम? तू कवा आला माह्या गावाले?’

‘तू कवा बलावलं?’

आणि तू मोठ्यांदा हसलास. मीही हसलो. तुझे आईवडील शेंदूरजनाघाटला लोकांच्या संत्र्याच्या बागांत राबले, तू तिथून शिकून माझ्या शेजारच्या टेबलापर्यंत आलास, रोज माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लंस आणि मला तुझी भाकरी दिलीस. आणि मी तुला कधी गावी नेलं नव्हतं. घरी म्हातारी आई आहे, तिला चालणार नाही, असं मी मनात म्हणायचो. तू कधी विचारलंच नाहीस, म्हणून मला ते कधी तोंडाने म्हणावं लागलं नाही.

मग देवीच्या टोचणीची कार्डं आली. त्यांचे फॉर्म टोचणाराच भरायचा आणि प्रश्न थोडे होते. घरात लहान मूल आहे का, आधी टोचलं होतं का, आता टोचलं का, टोचल्या जागी पुळी धरली का, ताप आला होता का, असे. पातूरच्या पुढच्या त्या गावाची बेरीज मुंबईहून आली ती उत्तम होती. सगळं गाव टोचलेलं. साहेबांनी ती बेरीज सगळ्यांना वाचून दाखवली. तू मात्र त्या गावाचा कागद भरत बसलास आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारलीस.

वरची बासष्ट घरं फाटक्या चादरीसारखी दिसत होती, कुठे काळं, कुठे पांढरं, कशाचा मेळ नाही. तपासनीस दारोदार फिरला की चित्र असंच येतं, हे एव्हाना मलाही कळायला लागलं होतं. त्रेसष्टाव्या घरापासून मात्र लुगड्याच्या काठासारखी नक्षी होती. सात ओळी, मग त्याच सात ओळी, मग पुन्हा त्याच. शेवटच्या घरापर्यंत. सात घरं, सहा वेळा.

‘ह्यानं सात घरं मनानं लिवली,’ तू म्हणालास, ‘मंग कटाळला, आन तेच तेच उतरवत गेला. हा मानूस तिकडे गेलाच नाई, मनोहर.’

‘योगायोग असंन.’

‘सहा डाव?’

‘अरे, पन बेरीज तं बराबर हाये!’

‘बेरजेले काय करतं? मांडणी खोटी हाये.’

आपलं ते भांडण तिथे सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, सरकार बेरजेवर चालतं. तू म्हणायचास, माणूस मेला तर बेरजेत एकच कमी होतो, पण तो कुठल्या घरातला हे बेरीज सांगत नाही. मला तुझं म्हणणं पटायचं, पण मान्य करायला मी तयार नसायचो. हेडक्लार्क होतो ना.

आपण दोघं तिथे गेलो. शनिवारी अकोल्याला उतरलो, मी माझ्या बहिणीकडे, तू तुझ्या मेव्हण्याकडे. माझ्याबरोबर चल, असं मी म्हटलं नाही. रविवारी सकाळी पातूरची मोटार धरली आणि पुढे पायी गेलो. जाताना तू म्हणालास, परत येताना लेणी पाहू, तिथेच भाकरी खाऊ. लेणी राहिलीच.

गावाच्या खालच्या अंगाला ती वस्ती. छप्पन सालानंतर घरांतले जुने देव गेले होते आणि एका घराच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. एक म्हातारी सुपात ज्वारी पाखडत होती. तू विचारलंस, ‘आजी, टोचनीवाला आल्ता काय?’

‘आल्ता ना. चावडीवर बसला, पान खाल्लं, आन गेला. इकडे काहाले येते तो? आमच्या घरचं पानी प्या लागंन त्याले.’

तू मुलं गोळा केलीस आणि एकेकाचे दंड पाहत गेलास. सगळे कोरे. एक सहा-सात वर्षांची पोरगी रांगेत दोनदा आली. तिने हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि दोन्ही हात पुढे केले. सुमन तिचं नाव.

‘मले टोचलंच नाई,’ ती म्हणाली. ‘टोचलं असतं तं मी रडली नसती. हे सारे रडले असते.’

तू तिला म्हणालास, ‘येतीन टोचाले. आठ दिवसात येतीन. मंग पाह्यतो कोन रडते ते.’ ते वचन तू दिलंस, किसन, आणि मी शेजारी उभा राहून मान हलवली.

सोमवारी तू दोन पानांचा अहवाल लिहिलास, त्याला तो ग्राफपेपर जोडलास, खाली स्वतःच्या नावाची सही केलीस आणि माझ्या टेबलावर ठेवलास. माझी सही होऊन तो साहेबांकडे जायचा होता. साहेबांनी कलेक्टरांच्या बैठकीत त्या गावाचं नाव अभिमानाने घेतलं होतं. आपण परवानगीशिवाय गेलो होतो. माझ्या बढतीची फाईल त्याच आठवड्यात साहेबांच्या समोर होती. मी विचार केला, फाईल एकदा सही होऊन येऊ दे, मग पाठवू. चार दिवसांनी काय बिघडतं? मी तुझा कागद खणात ठेवला.

गुरुवारी तू विचारलंस, ‘गेला काय कागद?’

मी म्हटलं, ‘गेला.’

एवढंच. एक शब्द. तुला माहीत नसलेली ती एक गोष्ट. फाईल पुढच्या आठवड्यात आली नाही, त्याच्या पुढच्याही आली नाही. आणि एकदा ‘गेला’ म्हटल्यावर तो कागद पाठवायचा कसा? त्यावर तारीख काय घालायची? दर दिवशी ते जास्त अवघड होत गेलं. तू मधून मधून म्हणायचास, ‘सायेब काहून काही बोलत नाई?’ मी म्हणायचो, ‘वरून येईन हुकूम.’

महिना-दीड महिना गेला असेल. पातूरकडे देवी आल्याची बातमी आली. तू रजा न मागता गेलास आणि पाचव्या दिवशी परत आलास. दाढी वाढलेली, सदऱ्यावर माती. सरळ माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिलास.

‘चार लेकरं गेली. तीन पोट्टे आन ते सुमन.’

मी पुढ्यातलं रजिस्टर मिटलं.

‘अंगावर हात ठेवाले जागा नव्हती, मनोहर. बांगड्या फोडून काहाडा लागल्या. आन तिची माय मले विचारे, तुमी तं आठ दिवसात येतो म्हनत होते.’

मग तू साहेबांच्या खोलीत शिरलास. दार उघडंच होतं, सगळ्या कचेरीने ऐकलं.

‘सायेब, माह्या कागदाचं काय केलं?’

‘कोणता कागद?’ साहेब पुण्याकडचे. त्यांना खरोखरच काही कळलं नाही. आज ते मी सांगू शकतो. तो माणूस खरं बोलत होता.

तू मूठ आपटलीस. दौत सांडली. ‘चार लेकरं मेली, आन तुमी मले विचारता कोन्ता कागद?’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस. तुझ्या नजरेत संशय नव्हता. साक्षीदाराकडे पाहतात तसं तू माझ्याकडे पाहत होतास. आणि मी, किसन, म्हणालो, ‘जावक रजिस्टर पाहावं लागेल, साहेब.’

त्या संध्याकाळी तुझा कागद मी घरी नेला आणि आंघोळीच्या बंबात घातला. ग्राफपेपर जाड होता, लवकर पेटेना. मी काडीने ढोसत राहिलो.

बेअदबीबद्दल तुझी अकोल्याला बदली झाली, जुन्या दप्तरांच्या कोठीत. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. अभिनंदन करायला तू अकोल्याहून आलास आणि दोन डझन संत्री आणलीस. ती मी लगेच साऱ्या कचेरीत वाटून टाकली. तुला वाटलं असेल, आनंदाने.

त्यानंतर माझ्या बायकोचं बाळंतपण अडलं. रक्त पाहिजे होतं. माझ्या चार भावांपैकी एकाचं जुळलं नाही, दोघं आलेच नाहीत आणि एकाला भोवळ आली. तू निरोप मिळताच पहिली गाडी धरून आलास आणि बाही वर करून आडवा झालास. बायको वाचली. माझी म्हातारी आई दवाखान्याच्या व्हरांड्यात तुझ्यासमोर आली, हात जोडले आणि म्हणाली, ‘आता घरी येत जाय रे बाप्पा.’ तू म्हणालास, ‘येईन माय.’ पण तू आला नाहीस. मी पुन्हा बोलावलं नाही. तुझ्या तोंडाकडे पाहण्याची ताकद मला आठवड्याच्या आठवड्याला गोळा करावी लागायची, आणि ती अकोल्याला येण्यातच संपायची.

तरी मी येत राहिलो. का, ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्याशी भांडलं की बरं वाटायचं. तू त्या कोठीतही ग्राफपेपर घेऊन बसलेला असायचास. जुन्या नोंदी काढायचास, कोणत्या वस्तीत कोणत्या साली पाण्याचा हातपंप मंजूर झाला आणि कोणत्या साली तो खरंच बसला, त्याचे काळे-पांढरे चौकोन भरायचास. तुझ्या अर्जांवरून एक-दोन ठिकाणी पंप बसलेही. तू मला ते सांगताना लहान पोरासारखा खुलायचास. आणि दर वेळी, कुठूनही सुरुवात झाली तरी, शेवटी तू त्या साहेबावर यायचास. ‘त्यानं माहा कागद दाबला, मनोहर. मानूस नाई तो.’ मी ‘हो’ म्हणायचो. एका निरपराध माणसाला सहा वर्षं तू माझ्या देखत शिव्या घातल्यास आणि मी त्यात आपल्या चार मिसळल्या.

शेवटची भेट दवाखान्यातली. किडन्या गेल्या होत्या. तुझं तोंड सुजलं होतं, डोळे बारीक झाले होते. बोलायला त्रास होत होता, तरी तू वहिनींना बाहेर पाठवलंस.

‘मनोहर, मी लय विचार केला,’ तू म्हणालास. ‘त्या दिवशी तो सायेब खरं बोलत असंन काय?’

मी तुझ्या पायावरचं पांघरूण नीट करत होतो. मी म्हटलं, ‘आता काहाले ते? आराम कर.’

तू बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिलास. मग म्हणालास, ‘पानी दे.’ मी पाणी दिलं. तू प्यालास, आणि डोळे मिटलेस. मी संध्याकाळच्या गाडीने अमरावतीला परतलो, कारण दुसऱ्या दिवशी कचेरीत तपासणी होती. तपासणी चालू असताना तार आली.

तुला कळलं होतं का? हे मी परवा वहिनींना विचारलं. सगळं सांगून झाल्यावर विचारलं. त्या चुलीजवळ बसल्या होत्या. त्यांनी मला मधे एकदाही थांबवलं नव्हतं.

‘मले नाई मालूम,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं नाव निंघालं का ते हासत. मंग थोड्या टायमानं गप बसत. एवढंच मले मालूम.’

‘वहिनी, मला माफ करा.’

त्यांनी पदराने हात पुसले. ‘मी काहून माफ करू? माहं लेकरू नाई मेलं. मले सांगून तुमी मोकळे होऊन राह्यले, भाऊजी. ज्याइचं गेलं ते तिथंच हायेत. मोटार जाते ना पातूरले?’

मोटार जाते. काल सकाळी मी गेलो.

वस्ती तशीच आहे, दोन-चार घरांवर नवे टिन पडले आहेत. ती म्हातारी राहिली नाही. सुमनच्या आईने मला ओळखलं नाही. मी म्हटलं, किसनरावांबरोबर आलो होतो. तुझं नाव ऐकून तिने बाज टाकली. मी बसलो नाही. तू गेल्याचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, ‘लय चांगला मानूस होता. चारी लेकराइच्या मातीले तो होता. पोरीले त्यानंच हातावर नेलं, तिचा बाप उभाच राहू शकत नव्हता.’ हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

मग मी कागदाचं सांगितलं. तुमच्या लेकरांना टोचलं नव्हतं हे त्याने लिहून दिलं होतं, ते माझ्याजवळ होतं, आणि मी ते पुढे पाठवलं नाही.

तिने शांतपणे ऐकलं. ‘कागद गेला असता तं टोचाले आले असते?’

‘आले असते.’

‘कवा?’

‘आठ-दहा दिवसांत.’

‘मंग वाचली असती,’ ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता, पण मी ‘हो’ म्हटलं.

मला वाटलं ती रडेल, किंवा अंगावर येईल. दोन्हीसाठी मी तयार होतो. ती उठली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, ‘थांबा इथंच.’ आणि शेजारी गेली. मग त्याच्या पलीकडच्या घरी, मग आणखी एका. परत आली तेव्हा तिच्याबरोबर सात-आठ माणसं होती. त्या तीन पोरांचे आईबाप, एक म्हातारा, कामावरून तशीच उठून आलेली एक बाई, हाताला शेण लागलेली. ती सगळी माझ्यासमोर जमिनीवर बसली.

‘आता ह्याइले सांगा,’ सुमनची आई म्हणाली. ‘पयल्यापासून.’

कोणी शिवी दिली नाही. कोणी पाणी विचारलं नाही. किसन, मी उभ्याउभ्याच सांगायला सुरुवात केली, ‘माझं नाव मनोहर. तुमचा कागद माझ्या टेबलाच्या खणात होता.’